ओढमंदक

मणी तांदळाच्या कणीएवढा होता. डॉ. फरीदा मुकादम यांनी तो चिमट्यात धरून दिव्यासमोर नेला आणि हेमांगी आगाशे खुर्चीतून अर्धवट उठून बघू लागली.

"एवढ्याशा वस्तूने माणसाचं पोट भरणार?"

"पोट नाही हो, वहिनी. पोट शिध्यानेच भरायचं. हा फक्त मन आवरतो."

"मन आवरायला आम्ही कीर्तनकार वर्षानुवर्षं घसा फोडतोय," हेमांगी म्हणाली. "तुम्ही कणीत बसवलंत होय?"

पलीकडच्या खाटेवर कुशीवर पडलेला डॉ. केशव आगाशे हसला. कानामागचे केस भादरलेले होते, तिथे थंड औषध लावलं होतं. नवऱ्याने मेंदूशास्त्रात आयुष्य घालवलं, बायकोने नारदाच्या गादीवर. घरातले वाद या दोन गावांच्या शिवेवर चालायचे आणि बहुतेक वेळा चहावर मिटायचे. तिच्या कीर्तनात झांजा तोच धरायचा. आख्यानात एखादी जागा आली की त्याचे डोळे भरून यायचे, ताल चुकायचा, आणि ती भर सभेत त्याच्याकडे डोळे वटारून बघायची.

निर्वाह संशोधन केंद्र सड्यावर होतं. समुद्र वर चढत आला, किनाऱ्यालगतच्या वाड्या पाण्याखाली गेल्या आणि तिथली माणसं जांभ्या दगडाच्या या उघड्या पठारावर आणून बसवली गेली. नावा राहिल्या खाली, कामं राहिली नाहीत. सरकार प्रत्येकाला निर्वाह-शिधा देत होतं: तांदूळ, डाळ, तेल, मोजकी वीज आणि वरखर्चाला थोडी रक्कम. आहारतज्ज्ञांच्या मते शरीराला तो पुरत होता. पण शिधा पुरतो असं तिथे राहणारं कुणी म्हणत नव्हतं. भांडणं होत, उधाऱ्या होत, माणसं संध्याकाळी सड्याच्या कडेला जाऊन खाली बघत बसत.

"मेंदूत दोन वेगळ्या वाटा आहेत," मुकादम मॅडमनी हेमांगीला समजावलं. "जिलबी जिभेवर पडली की आवडते, ती एक वाट. हलवायाच्या दुकानावरून जाताना पाय अडखळतात, ती दुसरी. आवडणं निराळं आणि हवंसं वाटणं निराळं. हा ओढमंदक पहिल्या वाटेला हात लावत नाही. दुसरीवरची रहदारी कमी करतो. जे मिळेल ते गोड लागेल. जे मिळत नाही त्यासाठी जीव तुटणार नाही."

"आणि हे तुम्ही त्या गरिबांच्या डोक्यात बसवणार."

"त्यांच्या संमतीने. आणि आधी आमच्या."

हे केशवचं म्हणणं होतं. योजना जाहीर झाल्यावर गावभर एकच ओरड झाली होती: आधी स्वतः राहून दाखवा. केंद्राच्या पाच जणांच्या समितीच्या बैठकीत केशव म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. आपण चातुर्मासात नेम धरतो, कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. तसा आपण पाचही जणांनी आषाढीपासून नेम धरावा. सड्यावरच्या वसाहतीत, तेवढ्याच शिध्यावर, मणी लावून. कार्तिकीला उद्यापन. त्या वेळी मुकादम मॅडम म्हणाल्या होत्या, "आमचा रोजा असतो, आगाशे. पण भूक लागते म्हणून तो रोजा." सगळे हसले होते आणि ठराव झाला होता.

"काढायचा कसा हा?" हेमांगीने विचारलं.

"काढायची इच्छा झाली की मण्यालाच कळतं. ओढलेख म्हणतो आम्ही त्याला, ओढीचा आलेख. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की मणी विरघळतो. दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. घरच्यांनी दडपण आणून काढायला लावू नये, शेजाऱ्याने दमात घेऊ नये, म्हणून ही सोय. मर्यादा बदलायची तर आम्हा पाचही जणांनी हात वर करायला हवेत."

"आणि ओढून काढला तर?"

"कानामागची नस जाईल."

केशवने खाटेवरूनच हात पुढे केला. हेमांगीने तो धरला. मणी आत गेला तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं, बस्स.

*

वसाहतीतली खोली एका माणसापुरती होती आणि शेजारी विठोबा मयेकर राहत होते. त्यांची होडी पाण्याने नेली होती, घर पाण्याने नेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती.

पहिल्याच आठवड्यात केशवने तेल संपवलं. हेमांगी भेटायला आली म्हणून त्याने पापड तळले, आणि उरलेले दिवस फोडणीवाचून आमटी खाल्ली. मयेकर दारात उभे राहून खो खो हसले.

"डॉक्टर, तेल बाटलीतून नाय ओतायचं. बाटलीच्या बुचातून ओतायचं. शिकलास काय तू एवढी वर्षं?"

"मेंदू शिकलो, मयेकर."

"मग त्याची भाजी कर."

केशव शिकला. शहरात जायला बस नाही, पाय. चहाला साखर सकाळीच, दुपारी कोरा. काडी एकदा पेटली की तिच्यावर चहा आणि भात पाठोपाठ. वरखर्चाच्या रकमेत चप्पल बसत नव्हती, म्हणून जुन्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवून घेतला. या सगळ्यात त्याला एक गंमत वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही. रात्रीच्या भाताच्या तळाला लागलेली खरपूडही चवीने खाऊन तो मनात म्हणायचा, बघा, जमतंय. वसाहतीनेही ते बघितलं आणि संमती दिली; आषाढ सरेपर्यंत मयेकरांसकट घरोघर मणी बसले, पोरांनाही.

मग गंमत गेली. कधी गेली ते त्याला सांगता आलं नसतं. दुपारच्या चहाची आठवण होईनाशी झाली. समोर आला तर प्यायला, छान लागला, कप विसळून ठेवला. नाही आला तर नाही. वाचायला आणलेलं पुस्तक जिथे मिटलं तिथेच राहिलं. मयेकर दारात येईनासे झाले. केशव ओट्यावर बसे, मयेकर त्यांच्या ओट्यावर बसत, मध्ये एक हात अंतर, आणि दोघेही समोरच्या काळ्या कातळाकडे बघत. भांडणं थांबली. सड्याच्या कडेला जाऊन बसणारंही कुणी उरलं नाही. केंद्राच्या पाहणीत प्रत्येक घराने एकच उत्तर दिलं: तक्रार नाही.

समितीची बैठक ठरल्या दिवशी व्हायची, कारण घंटा वाजायची आणि पाचही जण उठून जायचे. श्रावणात शिधा-विभागाचा एक अधिकारी बैठकीला येऊन बसला. भला माणूस होता, हसतमुख. म्हणाला, डाळीबद्दल एकही तक्रार नाही, म्हणजे डाळ जास्त होतेय. थोडी कमी करावी. समितीची हरकत नसेल तर हात वर करावेत. हात वर झाले. नंतर तेल कमी झालं. भाद्रपदात तांदूळ. केशवला आकडे दिसत होते, कळत होते. शरीराला हे कमी पडेल असा विचारही त्याच्या मनात आला. पण तो रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसासारखा आला आणि पुढे निघून गेला. पायजम्याची नाडी आता दोन वेढे घेत होती.

*

नवरात्रात हेमांगीने वसाहतीत कीर्तन लावलं. मांडव लहानसाच, पेटीवर शहरातला एक मुलगा, झांजा केशवपुढे ठेवलेल्या. नेसूचं नऊवारी, कपाळावर बुक्का, पायांत चाळ नसतानाही तिची पावलं नमनातच थिरकायला लागली. सगळी वसाहत आली होती. बोलावलं होतं म्हणून आली होती.

पूर्वरंगात तिने ओढीवरच निरूपण धरलं. "आम्ही सांगतो बरं का, वासना सोडा, हाव सोडा," ती म्हणाली. "पण लेकरू रडतं म्हणून आई धावते. लेकराने रडणंच सोडलं तर आईने कुणाकडे धावायचं? देवालाही तुमच्या ओढीचा दोर लागतो हो. दोरच कापून टाकलात तर तो तुम्हाला वर घेणार कसा?"

एरवी या वाक्याला केशवच्या हातातल्या झांजा थांबल्या असत्या. आज ताल एकदाही चुकला नाही. आवाज गोड होता. फार गोड होता. तिचं कीर्तन आपल्याला आवडतं हे त्याला आतून कळत होतं, उन्हात बसल्यावर ऊब कळते तसं. ती गात होती तोवर ते होतं. थांबली की काहीच नव्हतं.

मध्यंतराआधी तिने नेहमीसारखं म्हटलं, "आता सगळ्यांनी दोन्ही हात वर करा, आणि देवाचं नाव घ्या!"

सगळ्यांनी हात वर केले. नाव घेतलं. ती डोळे मिटून गजरात रंगली, गिरकी घेतली, पेटी चढत गेली. बऱ्याच वेळाने गजर उतरला, तिने डोळे उघडले, पदराने घाम टिपला आणि समोर बघितलं.

हात वरच होते. म्हाताऱ्यांचे थरथरत होते, पण वर होते. मयेकरांचा एक खांदा दुखरा होता, तोही वर. केशवचे झांजांसकट. कुणी कुजबुजत नव्हतं, कुणी हसत नव्हतं.

"खाली घ्या," हेमांगी हळूच म्हणाली.

हात खाली आले.

उत्तररंग तिने थोडक्यात उरकला. बुक्का लावताना ती केशवपुढे थांबली, तिचं बोट त्याच्या कपाळावर नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकलं. "कार्तिकीला घरी याल ना?"

"हो, तसं ठरलंय," केशव म्हणाला.

*

कार्तिकी आली. केंद्राच्या यंत्राने पाचही जणांना ओळीने विचारलं: मणी काढायचा आहे का? केशव म्हणाला, "हो." कार्यक्रमात तसं होतं. यंत्राने ओढलेख घेतला. रेघ सपाट होती. मणी जागचा हलला नाही. केशव वसाहतीत परत आला आणि ओट्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी हेमांगी आली. तिने घरी त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं, पानं वाढून वाट बघितली होती. ती आधी रागावली, मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. गालफडं बसली होती.

"अहो, म्हणा. मला हा काढायचाय, मला घरी यायचंय."

"मला हा काढायचाय. मला घरी यायचंय."

ती त्याच्या कानामागे टक लावून बघत राहिली. काही झालं नाही.

"तुम्हाला मी आवडत नाही का हो आता?"

केशवने विचार केला. "आवडतेस. तू आलीस की बरं वाटतं."

"आणि गेले की?"

त्याने आत शोधून बघितलं. सांगण्यासारखं तिथे काही नव्हतं.

हेमांगीने त्याचं मनगट धरलं आणि त्याला उठवून केंद्रात नेलं. बैठकीची घंटा नुकतीच झाली होती. चौघे जण टेबलाभोवती बसले होते. केशव पाचव्या खुर्चीवर बसला. मुकादम मॅडमच्या ओढणीखालून गळ्याची हाडं दिसत होती.

"तुमचं कुलूप चुकलंय," हेमांगी उभ्यानेच म्हणाली. "इच्छा मारणाऱ्या वस्तूला तुम्ही इच्छेची किल्ली लावलीत!"

"हो," मुकादम मॅडम म्हणाल्या. "चूक आहे. चाचणीत मणी लोकांच्या डोक्यात थोडेच दिवस राहिला होता. तेव्हा ओढ मंद झाली होती, गेली नव्हती. मर्यादा आम्ही त्यावरून ठरवली. मेंदू हळूहळू आणखी उतरत जातो, ते आम्ही धरलं नव्हतं. श्रावणात माझ्या लक्षात आलं."

"श्रावणात? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"कुणी विचारलं नाही."

"मग बदला ना ती मर्यादा!"

"बदलता येईल," मुकादम मॅडम म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.

हेमांगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने दुसऱ्यांकडे बघितलं. एक जण छताचा पंखा बघत होता. "अहो, तुम्हाला लेकरंबाळं आहेत," ती त्याला म्हणाली, "घराची आठवण येत नाही?" "येते की," तो सभ्यपणे म्हणाला. तिने देवाची आण घातली, हात जोडले, शेवटी टेबलावर मूठ आपटली. पाचही जणांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. कुणी नाही म्हटलं नाही.

आपली बायको रडते आहे हे केशवला दिसत होतं. ती रडताना नाक पदराने पुसते, तेही त्याला ओळखीचं होतं.

अचानक ती थांबली. कुणी नाही म्हटलं नाही, हे तिच्याही ध्यानात आलं असावं. तिने डोळे पुसले, पदर खोचला, एक पाऊल मागे सरून उभी राहिली. गादीवर उभी राहते तशीच. आवाज बदलला.

"मर्यादा शून्यावर आणायची. सगळ्या मण्यांची. सगळ्यांनी हात वर करा."

पाच हात वर झाले.

"मुकादम मॅडम, नोंद करा."

मुकादम मॅडमनी एका हाताने नोंद केली. दुसरा वरच होता. यंत्राने पाच संमती मोजल्या आणि हिरवा दिवा लागला.

"आणखी काही ठराव?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," हेमांगीला हुंदका आवरेना. "मला एवढंच हवं होतं. हात खाली घ्या. घ्या खाली."

*

मणी विरघळायला दुपार लागली. हेमांगी केशवला घेऊन केंद्राच्या पायरीवर बसली होती, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. आधी त्याला कातळाचा चटका लागला. मग उजेड डोळ्यांत शिरला. मग पोटाच्या तळातून काहीतरी उठलं आणि वर येत राहिलं. त्याला वाटलं, हे रडू आहे.

ते रडू नव्हतं.

"हेमा, खायला काय आहे?"

तिच्या पिशवीत प्रसादाच्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता. त्याने तो हिसकावून घेतला. दोन दोन वड्या तोंडात कोंबल्या, ठसका लागला तरी थांबला नाही, डब्याच्या कडा बोटाने निपटल्या. तिला एकदाही विचारलं नाही. आषाढापासूनची भूक साचून राहिली होती, जराही कमी झाली नव्हती. भुकेने फक्त हाक मारली नव्हती. मुकादम मॅडम त्याच्या मागून पायऱ्या उतरल्या आणि कुणाकडेही न बघता लांबवरच्या फाटकाकडे अडखळत धावू लागल्या. त्यांचं घर शहरात होतं. समितीच्या पाचही जणांची घरं शहरात होती.

"चला," हेमांगी म्हणाली. ती हसत होती आणि रडत होती. "घरी चला. भात टाकते."

तेवढ्यात वसाहतीकडून आवाज आला. किती तरी दिवसांत सड्यावर एवढा आवाज झाला नव्हता. भांडी, दारं, पोरांचं रडणं, आणि मग माणसं. सगळी वसाहत शिधा केंद्राच्या बंद खिडकीकडे निघाली होती. हेमांगीचं हसू मावळलं. डाळ, तेल, तांदूळ, तीनही कमी झालेले होते, आणि थोड्या वेळापूर्वी पाच हात तिच्यासमोर वर होते, आणखी काही ठराव आहे का म्हणून तिला विचारत होते. तिने आपला माणूस मागून घेतला. डाळ मागायचं तिला सुचलं नव्हतं.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "मी..."

विठोबा मयेकर घोळक्यातून वेगळे होऊन पायरीकडे येत होते. चालताना झोक जात होता, पण डोळे जागे होते. त्यांनी येऊन केशवच्या सदऱ्याची गळपट्टी धरली.

"डाळ कुणी कमी केली, डॉक्टर?"

"आम्ही केली, मयेकर. समितीने. मीपण हात वर केला होता."

"तुज्या आयला तुज्या! पोरं नाय रडली आमची एवढे महिने. आमाला वाटलं, पोटं भरतायत." मयेकरांनी गळपट्टी सोडली नाही. "तू घरी जाशील आता. जेवशील. मी काय करू, सांग. मी काय करू?"

केशवला फाटक दिसत होतं. फाटकापलीकडे उतरणीचा रस्ता, रस्त्याच्या शेवटी घर, घरात भात. त्याला पळून जावंसं वाटलं. किती तरी महिन्यांनी त्याला काही वाटलं होतं, आणि ते इतक्या मनापासून वाटलं की त्याचे पाय वळलेसुद्धा.

मयेकरांच्या हातात जोर नव्हता. झटकला असता तर सुटला असता.

त्याने तो झटकला नाही. "हेमा," तो म्हणाला, "मुकादम मॅडम फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांना थांबव. बाकीच्यांनाही. म्हणावं, बैठक आहे, शिधा परत वाढवायचाय. कुणी घरी जेवायला जायचं नाही."

"ते आता ऐकतील का हो?" हेमांगीने विचारलं. "आता त्यांना भूक लागलीय."

हेमांगी पदर खोचून फाटकाकडे धावली. तो तिथेच उभा राहिला, गळपट्टी मयेकरांच्या मुठीत, आणि त्याचं पोट सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडत होतं.